गाडी उशिरा आहे, रद्द नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले आगार व्यवस्थापक माननीय भीमाशंकर साहेब. दवाखान्यातली रांग तशीच ठेवून माझ्या शब्दाखातर इथवर आलेले डॉक्टर मल्लिनाथ करजगी. या कार्यक्रमाची सगळी उठाठेव ज्यांनी आपल्या डोक्यावर घेतली ते वाहतूक नियंत्रक हरिबा कोळेकर. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. समोर बसलेले चालक, वाहक आणि कार्यशाळेतले बंधू-भगिनी. गाडीची वेळ झाली म्हणून एक पाय दारात आणि एक पाय बाहेर ठेवून उभे असलेले ड्यूटीवरचे लोक. आणि दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेले आमचे हे. आपणा सगळ्यांना माझा नमस्कार.

बसून बोलले तर चालेल ना, साहेब? आयुष्यभर बसूनच बोलले आहे, तेही भिंतीकडे तोंड करून. एवढी माणसं समोर बसलीत आणि माझ्याकडे बघतायत, याची मला सवय नाही. आमच्या उद्घोषणेच्या खोलीला एक खिडकी, खिडकीला जाळी आणि जाळीला नाक लावून उभा असलेला एक प्रवासी, एवढाच माझा श्रोता. मी माईकवर सांगायचे, 'अक्कलकोटकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर उभी आहे.' मराठीत सांगून झालं की कानडीत सांगायचे. माईकचं बटण बंद करते न करते तोच खिडकीवर आवाज यायचा, 'ओ बाई, अक्कलकोट गाडी कुटं लागलीय?'

पहिल्या पहिल्यांदा मी चिडायचे. मग शेजारच्या टेबलावरून हरिबांनी मला समजावलं. म्हणाले, 'बाई, लोकांचा कानावर इश्वास न्हाय. तोंड बगून इचारल्याबिगर त्यांचं समाधान हुत न्हाय. तुमी दोनदा सांगितलंसा न्हवं, आता तिसऱ्यांदा सांगा की.' हरिबा, तुमचं हे बोलणं मला नोकरीत उपयोगी पडलंच, पण नोकरीबाहेर त्याहून जास्त पडलं.

आता माझ्या पाठीमागं लावलेला हा फ्लेक्स बघा. फोटो सुंदर आहे. कुठून शोधून काढला कोण जाणे, त्यात मी इतकी बारीक आहे की सासूबाईंनाही ओळख पटायची नाही. खाली लिहिलंय, 'कर्करोगावर मात करून अखंड प्रवासीसेवा देणाऱ्या सौ. दानेश्वरी चन्नवीर कलशेट्टी यांना भावपूर्ण निरोप.' वाचून खरंच भरून आलं. इतकं प्रेम कोण कुणावर करतं आजकाल? पण हरिबा, मी कशावरही मात केलेली नाही. तो आहे. इथं, गळ्यात, उजव्या बाजूला. आजच्या समारंभालाही तो माझ्यासोबतच आला आहे.

बघा, सगळं सभागृह एकदम गप्प झालं. एवढी शांतता मला स्टँडवर एकदाही मिळाली नाही.

आणि हे मी आज पहिल्यांदा सांगतेय असंही नाही. कँटीनमध्ये सांगितलं, महिला दिनाला सांगितलं, हरिबांना तर समोर बसवून सांगितलं. पण बाईला कॅन्सर झाला आणि बाई अजून ड्यूटीवर येतेय, म्हणजे ऑपरेशन झालेलंच असणार, असं प्रत्येकानं आपल्या मनाशी ठरवून टाकलं. मध्यंतरी घसा बसला म्हणून मी मफलर गुंडाळून आले, तर टाके झाकलेत असं समजून कार्यशाळेत कुणीतरी 'बाई बऱ्या झाल्या' म्हणून पेढ्यांची भाषा सुरू केली. एक चालक मला विचारून गेले, 'बाई, तुमी तर तंबाकू खात न्हाई, मग गळ्याला कसं काय?' मी त्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं, मग तिसऱ्यांदा सांगितलं.

निरोपाच्या भाषणात दुखणी काढू नयेत, असा एक शिष्टाचार आहे. मलाही तो माहीत आहे. पण माझ्या निरोपाचा आणि या गाठीचा संबंध आहे, आणि तो येत्या सोमवारी येऊन भिडणार आहे. म्हणून साहेबांची परवानगी गृहीत धरून थोडं सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते. जादा गाड्या, हरवलेली मुलं, हरवलेल्या पिशव्या, सगळं माझ्याच तोंडून जायचं. मानेत चमक भरली म्हणून सात रस्ता चौकात एका ठिकाणी सोनोग्राफी केली. चमकेचं कारण काही सापडलं नाही, ती चार दिवसांत आपली आपण गेली. सापडली ती ही गाठ. गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते, तिच्यात. केवढी? अर्ध्या शेंगदाण्याएवढी. सोलापूरच्या बाईनं दुसरं माप कुठून आणायचं? मग सुई घालून तपासली, आणि कागदावर तो शब्द आला. तो शब्द वाचताना आमच्या यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत तोच शब्द वाचला.

पहिल्या सर्जननी सांगितलं, ग्रंथी पूर्ण काढून टाकू. भला माणूस होता, काही लपवलं नाही. म्हणाले, आवाजाची नस त्या ग्रंथीच्या मागूनच जाते, आम्ही जपून करतो, पण एखाद्याचा आवाज बसतो तो बसतोच. शिवाय जन्मभर रोज सकाळी गोळी. आमच्या यांनी तिथल्या तिथं 'काढा' म्हणून मान हलवली. मी म्हटलं, 'डॉक्टर, मी बोलण्याची नोकरी करते हो.' त्यावर 'जीव मोठा की नोकरी?' हे वाक्य डॉक्टरांनी म्हटलेलं नाही. ते आमच्या यांनी म्हटलं.

दुसरं मत घ्यावं म्हणून आम्ही या मल्लिनाथ डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर, तुम्ही जे सांगितलंत ते मी माझ्या भाषेत सांगते, चुकलं तर थांबवा. तुम्ही म्हणालात, गाठ फार लहान आहे. नसेपासून लांब आहे, श्वासाच्या नळीपासून लांब आहे, बाजूला कुठं पसरलेली दिसत नाही. अशी गाठ गळ्यात घेऊन कितीतरी माणसं आपलं आयुष्य पुरं करतात आणि त्यांना पत्ताही नसतो. आता यंत्रं इतकं बारीक बघायला लागली, म्हणून ती दिसते. काढायची असेल तर काढू, त्यात चूक काही नाही, अर्धी ग्रंथी काढूनही भागेल. पण न काढता तिच्यावर नजर ठेवणं हाही उपचारच आहे. ठरल्या वेळी सोनोग्राफी करायची. वाढली, किंवा शेजारी काही दिसलं, तर तेव्हा काढू, आणि तेव्हा काढूनही बहुतेकांना तितकाच गुण येतो.

मी विचारलं, 'आणि तोपर्यंत मी काय करायचं?'

तुम्ही म्हणालात, 'ड्यूटी.'

मला ते पटलं. यांना पटलं नाही. 'कॅन्सर म्हणता आणि काही करायचं नाही म्हणता?' एवढंच बोलले. खाली आल्यावर त्यांना स्कूटरची किल्ली सापडेना. सगळे खिसे उलटेपालटे करून झाले. किल्ली स्कूटरलाच होती.

इथं एक सूचना, आणि ही मात्र सगळ्यांनी पहिल्याच वेळी ऐकावी. माझी गाठ ती माझी गाठ. 'कलशेट्टीबाईंनी नाही कापलं' म्हणून कुणीही आपली गाठ घरात झाकून ठेवू नये. सगळ्या गाठी अशा शांत नसतात. आधी डॉक्टरांना दाखवा, मग त्यांचं ऐका. तुमच्यापैकी निम्मे लोक पाठदुखीवरसुद्धा पानटपरीवाल्याचा सल्ला घेतात, म्हणून बोलावं लागतं.

तर त्या दिवसापासून आम्ही थांबलो. थांबणं म्हणजे काय असतं, हे स्टँडवरच्या माणसाला मी काय सांगावं? तरी सांगते. माईकवर मी 'गाडी रद्द करण्यात आली आहे' असं म्हटलं, की लोक महामंडळाला दोन शिव्या देतात, मला एक देतात आणि पिशव्या उचलून घरी जातात. पण 'गाडी उशिराने सुटेल' असं म्हटलं की संपलं. मग दर थोड्या वेळानं खिडकीवर. बाई, आली का? बाई, निघाली का तिकडून? बाई, नक्की येणार ना? माणसाला वाईट बातमी सोसते. अर्धवट बातमी सोसत नाही. माझ्या घरात इतकी वर्षं गाडी उशिरा आहे.

आमच्या सासूबाई, शरणम्मा, आज गुडघ्यांमुळं आल्या नाहीत. त्या मला कानडीत म्हणाल्या, मराठीत सांगते, 'घरात विंचू दिसल्यावर तो केवढा आहे हे मोजत बसतं का गं कुणी?' मी आपली भाकरी थापत राहिले. शेजारणींनी गव्हांकुराचा रस आणला, कुणी अंगारा आणला. जुळे सोलापूर भागात आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात लोक मला आवाज खाली करून विचारतात, 'आता कसं आहे?' दुखत नाही, खुपत नाही, गिळायला त्रास नाही. काय सांगू? 'तेवढीच आहे' म्हणते. ते 'बरं बरं' म्हणतात आणि माझ्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघतात.

आणि आमचे हे. सकाळी पूजेला बसतात. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात, विभूती लावतात, बेल वाहतात, आणि डोळे मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे. मी वाकले, वळले, चहा गाळला की यांची नजर माझ्या गळ्यावर. देवानं किती दिवस चालवून घ्यावं? मी म्हटलंही एकदा, 'अहो, तिकडं शिव आहे, इकडं नाही.' हसले नाहीत.

मी थकले आहे, मंडळी. आजारानं नाही थकले. बरी असल्याचं सांगून सांगून थकले आहे. सोनोग्राफीच्या आदल्या आठवड्यात माझ्या हातून भाकरी करपतात, फलाटाचे नंबर चुकतात. एकदा मी तुळजापूरची गाडी पंढरपूरच्या फलाटावर उभी केली होती, हरिबांनी धावत जाऊन सावरलं. मी धीट आहे, असं या फ्लेक्सवर अप्रत्यक्षपणे म्हटलंय. मी धीट नाही. मला फार भीती वाटते. पण भीती वाटते म्हणून कापायचं, हे मला जमेना.

अशाच एका भांडणात मी यांना म्हणून गेले, 'निदान रिटायर होईपर्यंत तरी थांबा.' मी ते वेळ काढायला म्हटलं होतं. यांनी ते टाइमटेबल म्हणून ऐकलं. चिंचोळी एमआयडीसीत जन्मभर स्टोअर सांभाळलेला माणूस, तारीख लक्षात ठेवणारच. मागच्या महिन्यात यांनी जेवताना मला सांगितलं, 'पहिल्या सर्जनकडून ऑपरेशनला सोमवार घेतलाय, तू रिटायर झाल्यावरचा. सोमवार चांगला. नोकरी संपतच आली, आता आवाजाचं काय काम?'

मी वाटी उचलून आत गेले. पण ते वाक्य मला अजून गिळता आलेलं नाही, आणि त्यात या गाठीचा काही दोष नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं करजगी डॉक्टरांकडे जाऊन आलो. सोनोग्राफी झाली. तेवढीच आहे. यांनी विचारलं, 'म्हणजे आता काढायला हरकत नाही ना?' डॉक्टर म्हणाले, 'हरकत नाही. न काढायलाही हरकत नाही.' तेव्हा आमच्या यांचा तोल गेला. शांत माणूस हा, कधी वाहकाशी सुट्ट्या पैशांवरून वाद घातलेला नाही. टेबलावर हात ठेवून म्हणाले, 'डॉक्टर हायसा न्हवं तुमी? मग कायतरी एक सांगा की!' डॉक्टरांनी त्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाले, 'काका, गळा त्यांचा आहे. त्यांनी सांगायचं.'

तर मी सांगते. आणि इथंच सांगते. अहो, ऐकताय ना? घरी हा विषय काढला की तुम्ही उठून गॅलरीत जाता. इथं गॅलरी नाही, दारात ड्यूटीवाले उभे आहेत आणि माईक माझ्याकडे आहे. चारचौघांत बोलते म्हणून रागवा, पण घरी गेल्यावर रागवा.

सोमवारी मी जाणार नाही.

आज सकाळी मी साहेबांकडे ओळखपत्र दिलं, खोलीची किल्ली दिली, तो जुना हेडफोन दिला. आवाज दिला नाही. तो महामंडळानं मला दिलेला नव्हता. उद्या वाढली, पसरली, डॉक्टर म्हणाले आता काढा, तर त्याच दिवशी मी स्वतः पिशवी भरीन, तुम्हाला तारीख घ्यायलाही लागणार नाही. शब्द देते. पण तोवर मला हा आवाज हवा आहे. मला त्याच आवाजानं तुम्हाला गॅलरीतून आत बोलवायचं आहे. सासूबाईंशी कानडीत भांडायचं आहे. आयुष्यभर मी ज्या गावांची नावं घेतली आणि जिथं कधी गेले नाही, तिथं उतरून 'हे कुठलं गाव?' म्हणून एखाद्याला विचारायचं आहे. नोकरीचा आवाज संपला. माझा कुठं संपलाय?

तुम्ही म्हणाल, मला हे थांबणं जमत नाही. हे मात्र मी ऐकून घेणार नाही. मंडळी, तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवेल. स्टँडच्या गेटबाहेर, लिंबाच्या झाडाखाली, पानटपरीच्या अलीकडे एक करड्या रंगाची स्कूटर रोज संध्याकाळी उभी असायची. चिंचोळीहून सुटल्यावर हे थेट तिथं यायचे. माझ्या जागी येणारी बाई कधी वेळेवर यायची, कधी नाही यायची. जत्रेच्या दिवसांत तर विचारूच नका. सगळं गाव खिडकीवर येऊन मला विचारून जायचं, हा एक माणूस कधी विचारायला आला नाही. बाहेरच्या कर्ण्यातून माझा आवाज ऐकू येतोय, म्हणजे बाई आत आहे, एवढ्यावर तो उभा राहायचा. मी बाहेर आले की म्हणायचा, 'झालं?' आणि स्कूटरला किक मारायचा. हे गेटच्या आत आले, ते आज पहिल्यांदा.

अहो, जगात थांबणं कुणाला येत असेल तर ते तुम्हाला येतं. तेच मी मागतेय. दुसरं काही नाही. मला अजून थोडा उशीर होणार आहे. किती, ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. तुम्ही गेटवर थांबाल का?

काय? मोठ्यानं बोला की, मागं ऐकू जात नाही.

म्हणतायत, 'थांबतो की. मी कधी सोडून गेलोय?'

टाळ्या नकोत. खरंच नकोत. त्यांना लाज वाटतेय, आणि मला आता थोडं पाणी हवं आहे.

आभार मानते आणि संपवते. साहेब, तुम्ही माझ्या प्रत्येक तपासणीच्या दिवशी कारण न विचारता रजा दिलीत. डॉक्टर, तुम्ही मला घाबरवलं नाहीत आणि खोटा धीरही दिला नाहीत, हे फार अवघड काम आहे. हरिबा, फ्लेक्स उतरवू नका. फक्त 'मात करून' या दोन शब्दांवर कागद चिकटवा, बाकी सगळं गोड आहे. चालक-वाहक मंडळी, तुमच्या गाड्या मी कधी चुकीच्या फलाटावर लावल्या असतील, कधी तुमच्या उशिराला माझ्या आवाजात जास्तच ताण आला असेल, तर पोटात घाला. आज बोलता बोलता घरचं दाराबाहेर आणलं, वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याला उत्तर द्यायला लावलं, तेही उदार मनानं विसरा. आणि इथून पुढं कुणी भेटलात तर माझ्या गळ्याकडे न बघता तोंडाकडे बघून 'काय बाई' म्हणा, म्हणजे झालं.

हे बघा, हे उठलेच हेल्मेट घेऊन. अहो, बसा. चहा यायचा आहे. अजून थोडा उशीर आहे.